चन्नाप्पाच्या भिंतीतली खिडकी

आज येळवस. मार्गशीर्षातली अवस, सगळं गाव रानात गेलंय. सकाळपासून गाड्या वाजत गेल्या, आंबिलीच्या बिंदग्या डोक्यावर घेऊन बाया गेल्या, त्यांच्यामागं नवी धडुती घातलेली पोरं गेली, आणि आता गल्लीत कुत्रंसुद्धा उरलं नाही. आपल्या घरात यंदा सण नाही. तू गेलीस त्याला पुरता महिनाही झाला नाही, मग कुणी करायचा सण? आपला बसू बैलांना वैरण टाकून येतो म्हणून मळ्याकडं गेलाय. सूनबाई अंगणात तूर पाखडत बसलीय. आणि मी कुठं असेन, ओळख बघू. तुझ्या सैपाकघरात. तुझ्या पाटावर, खिडकीखाली.

हसू नकोस. म्हातारपणी अक्कल आली म्हणशील, तर म्हण. उभ्या संसारात मी या खोलीचा उंबरा किती वेळा ओलांडला असेल? पाणी हवं असलं की माजघरातून हाक मारायची, जेवायचं असलं की पाटावर बसून खाकरायचं. तू आतल्या अंधारातून ताट घेऊन यायचीस आणि परत अंधारात जायचीस. भाकरी कुठून येते ते मी कधी बघितलंच नाही. आणि दुकानात पोत्याला हात लावून माल कुठल्या गावचा ते सांगणारा मीच.

दुकानाची दौत-लेखणी घेऊन बसलोय. तोंडानं बोललो तर सूनबाईला वाटंल मामांच्या डोक्यावर परिणाम झाला, म्हणून लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, ते एका अर्थी बरंच. जे लिहायचंय ते कुणी वाचावं असं नाही.

लाज वाटते, गंगू. साधा शब्द आहे, पण तुझ्यापुढं कधी काढला नाही.

तू गेल्यापासून माणसांची रीघ लागलीय. बाया येतात, माजघरात बसून रडतात, मग डोळे पुसून सैपाकघरात डोकावतात. आणि सुरू होतं. "अगं बया, केवढी खिडकी!" "जाळीचं कपाट बघा की, शेरातल्या घरावानी." "टांगता कंदील हाय. नशीबवान हुती बाई. आमच्यात कोन करतंय असं बायकूसाठी?" तुझ्या गणाराधनेच्या दिवशी जंगमस्वामी पंगतीला बसले, त्यांनी आत नजर टाकली आणि म्हणाले, "मल्लाप्पा, बायकोसाठी चांगलं केलंस बाबा. उजेडात गेली माउली." सगळ्या पंगतीनं माना डोलावल्या. मीही डोलावली.

आणि एकदाच नाही. जो येईल त्याच्यापुढं मी मान डोलावतोय. शब्दानं खोटं बोललो नाही, तेवढी हुशारी दुकानदाराच्या अंगात असतेच. गिऱ्हाइकानं मालाचं कौतुक केलं की आपण गप्प बसावं, तसा मूग गिळून बसलोय. रोज ठरवतो, आज कुणी म्हणालं की सांगून टाकायचं. माणूस आलं की जीभ टाळ्याला चिकटते.

खरं काय ते तुला ठाऊक आहे. वाटणीत घराची ही बाजू आपल्याला आली. सैपाकघर लहान, चारी बाजूंनी मातीच्या जाड भिंती, पण चुलीच्या बरोबर वर माळवदाला साणं होतं. परातीएवढं भोक ते. त्यातून धूर वर जायचा आणि उन्हाचा कवडसा खाली यायचा. कवडसा उतरंडीच्या मडक्यांपाशी पोचला की मालक यायची वेळ झाली, असं तू म्हणायचीस आणि तवा टाकायचीस. तुझी वेळ कधी चुकली नाही.

मग लढाईचे दिवस आले. लढाई तिकडं साता समुद्रापलीकडं, आणि इकडं शेंगांना भाव. माल ठेवायला जागा पुरेना. मी माळवदावर माडी चढवायची ठरवली. गवंडी म्हणाला, "मालक, साणं झाकंल." मी म्हणालो, "झाकू दे. धूर जाईल की दाराकडनं." तू दाराआड उभी होतीस. पदर सावरून एवढंच म्हणालीस, "अवो, साणं तेवढं राहू द्या की. माडी जरा तिकडं सरकवा." तिकडं सरकवली असती तर माडी वाकडी दिसली असती. खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या माणसाला आपली माडी सरळ दिसावी म्हणून मी तुझ्या चुलीवर शेंगांची पोती रचली.

तेव्हा म्हणालो होतो, "मागच्या भिंतीला खिडकी काढून देतो. चांगली मोठी." म्हणालो होतो, नाकारत नाही.

पण मागच्या भिंतीपलीकडं चन्नाप्पाचं अंगण. चन्नाप्पा माझा चुलतभाऊ, एका ताटात जेवून वाढलेलो आम्ही. भिंत सामाईक, म्हणजे भोक पाडायचं तर त्याला विचारायला हवं. आणि त्याच्याशी आपलं बोलणं बंद होतं. कशावरून? बांधावरच्या चिंचेवरून! झाड आपल्या बांधावर, अर्ध्या फांद्या त्याच्या रानात, आणि एका साली त्यानं मला न विचारता चिंचा झोडपल्या. मी चारचौघांत बोललो. त्यानं चारचौघांत उत्तर दिलं. मग मी डोक्यात राख घालून ओरडलो, "तुझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला तर बापाचं नाव सांगणार न्हाय!" चिंचा कधीच संपल्या, ते बोलणं तेवढं राहिलं. आता तू त्याच चिंचेपाशी आहेस. आपल्यातल्या रीतीप्रमाणं तुला तिथं मातीत बसवलं तेव्हा चन्नाप्पानंच मातीची पहिली पाटी टाकली, आणि मी बघत उभा होतो.

दर येळवशीला तू एकच धोशा लावायचीस. आपलं रान आणि त्याचं रान शेजारी. आपल्या कडब्याच्या कोपीपुढं तू भज्जी, उंडे, खीर मांडायचीस आणि पलीकडच्या कोपीवरनं त्याची हाळी यायची, "या हो, आंबील प्यायला या!" येळवशीला वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालासुद्धा बोलावतात, आणि त्या दिवशी आंबिलीला कुणी नाही म्हणत नाही. मी म्हणायचो. तू जवळ येऊन हळूच सांगायचीस, "अवो, जाऊन या की. गडूभर आंबील तर प्यायचीय. बोलू नगा काय, निस्ती पिऊन या."

मी तुझ्यावरच डाफरायचो. "तुला लई पुळका आलाय त्येचा. तूच जा."

तू पत्रावळी मांडायला वळायचीस. पुढच्या येळवशीला पुन्हा तेच. मला वाटायचं, भावकीत गोडी असावी म्हणून बाईमाणूस म्हणतंय. एका गडूसाठी एवढी का मागं लागते, हे काही मी कधी विचारलं नाही.

साणं झाकलं आणि तुझं सैपाकघर म्हणजे भुयार झालं. भर दुपारी दिवा लागे. घासलेट कंट्रोलात गेलं, मग जे मिळायचं ते दुकानाच्या ग्यासबत्तीला. "गिऱ्हाईक अंधारात येत न्हाय," मी म्हणायचो. तू करडईच्या तेलाचा दिवा कोनाड्यात ठेवून भाकऱ्या थापायचीस. दिवेलागणीला ग्यासबत्तीभोवती गाव जमायचं, तंबाखू मळत बसायचं, आणि मी मधे गादीवर मोठा माणूस होऊन बसायचो. आतून तुझा खोकला आला की मी भिंतीवर हात आपटायचो. तेवढ्यावर तू समजायचीस. मग तोंडात पदर धरून खोकायचीस, म्हणजे बाहेर ऐकू येऊ नये.

एक गोष्ट चांगली आहे, तीही लिहितो. नुसताच स्वतःला बडवत बसलो तर तूच म्हणशील, पुरे करा आता. निजामाच्या शेवटच्या धामधुमीच्या दिवसांत गाव सोडून आपण सोलापुरात तुझ्या मावशीकडं जाऊन राहिलो होतो. एकच खोली, पण तिला खिडकी होती आणि वर विजेचा दिवा. बसायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून मी भिंतीला टेकून बसायचो आणि तू समोर सैपाक करायचीस. भाकरी थापताना तू मान जराशी कलती करतेस, हे मला तिथं कळलं. भाकरी उलटताना ओठ मुडपतेस. एकदा तुझ्या कपाळाला पीठ लागलं होतं. मी सांगितलं तर तू लाजलीस. पोरगा लग्नाला आलेला आणि तू लाजलीस! "तिकडं बघा की," म्हणालीस. मी काही तिकडं बघितलं नाही. गावाकडं घरदाराचं काय झालं असंल त्याचा घोर होता, माणसं उसासे टाकत होती, आणि मी त्या खोलीत सुखात होतो. हे तरी कुणाला सांगू? तिथंच तुला म्हणालो, "परत गेलो की आदी खिडकी." तू म्हणालीस, "बघू. आदी घर जाग्यावर असू द्या."

घर जाग्यावर होतं. दुकानाचं दार तेवढं मोडलं होतं. मी दार केलं. मग फळ्या केल्या, मग पुढं पत्रा काढला. निजाम गेला, सोलापूरचा रस्ता मोकळा झाला, आणि धंद्याच्या गडबडीत खिडकी विसरलो. विसरलो असं लिहिलं खरं, पण ते खोटं आहे. चांगली आठवण होती. चन्नाप्पाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नव्हता, एवढंच.

मग बसूचं जमलं. पोरगी सोलापूरची. घर बघायला म्हणून तिचे आईबाप आले. तिच्या आईनं माजघर बघितलं, परडं बघितलं आणि सैपाकघरात शिरली. तू चुलीवर चहा ठेवला होतास. चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा ती आत टिकली नाही. डोळे पुशीत, खोकत बाहेर आली आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, "पोरगी हितं द्यायची? दिवसाढवळ्या हाताला हात दिसंना."

माझी मान खाली गेली. कानशिलं तापली. लगेच म्हणालो, "अवो, लग्नाच्या आत समदं नवं करतोय. खिडकी, धुराडं, कपाटं, काय म्हनाल ते." बघ, तेव्हा लाज वाटली मला. परकी बाई घटकाभर खोकली त्याची वाटली. तू आतच होतीस, चहा गाळत होतीस, आणि तुझं मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चन्नाप्पाच्या उंबऱ्यात उभा राहिलो. बापाचं नाव वगैरे सगळं गिळलं. म्हणालो, "पोराचं लगीन हाय. भिंतीला खिडकी काढावी म्हंतो." मला वाटलं, आता हा चिंचेपासून सुरुवात करणार. तो बाजेवरनं उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "काढ की. पार माझ्या वासराच्या दाव्यापत्तुर काढ. आन् गज लावू नगं, आपलंच अंगन हाय." एवढंच. घराकडं परत येताना मी मनात म्हणालो, मल्लाप्पा, तुझी पत आहे बाबा अजून. लोक मानतात तुला.

गवंडी लागला. भिंत फुटली. सुतारानं सागवानी चौकट बसवली. चूल कोपऱ्यातनं उचलून खिडकीपाशी आणली, तिच्यावर पत्र्याचं धुराडं काढलं. उतरंड हलली, शिंकी गेली. भिंतीत फडताळ झालं, आणि दुधादह्याला, डाळी-पिठाच्या डब्यांना जाळीच्या दारांचं उभं कपाट. भिंतींना चुना लावला. मधोमध टांगता कंदील, त्याच्यावर पत्र्याची तबकडी, म्हणजे उजेड खाली पडावा. दुकानातनं घासलेटचा डबाच आणून ठेवला. मांडव पडायच्या आत सगळं तयार. मग मी मोठ्या तोऱ्यात तुला हाक मारली, "ये, बघ."

तू उंबऱ्यात येऊन उभी राहिलीस. खिडकीतनं सकाळचं ऊन थेट चुलीवर पडलं होतं. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "म्हंजी हुत हुतं की."

माझं डोकं फिरलं. "म्हंजी काय? टोमने मारतीस? येवढं केलं ते दिसंना व्हय?"

"कुनासाठी केलं, त्ये दिसतंय," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. बाहेर पाहुण्या बाया तांदूळ निवडत होत्या.

"सुनंसंगं बरुबरी करतीस? लाज न्हाय वाटत?"

हे मी तुला म्हणालो. मी, तुला. ते भांडण तसंच राहिलं. लग्न लागलं, पाहुणे गेले, तू विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही.

सूनबाई आली. पहिल्याच सकाळी तू तिला सैपाकघर दाखवायला नेलंस आणि जाळीच्या कपाटात डबे मांडता मांडता थांबलीस. मला माजघरातून दिसत होतं, आता आतलं दिसायला लागलं होतं ना. तू एक पितळी डबा उजेडात धरलास. मग दुसरा. मग तपेली. कडांखाली, कड्यांच्या बेचक्यांत काळी किटं बसली होती. रोज घासलेली भांडी ती, पण अंधारात हाताला लागंल तेवढंच घासलं जायचं. सूनबाई एक अक्षर बोलली नव्हती, तरी तू तिला म्हणालीस, "असं नव्हं गं पोरी माझं काम. दिसत नव्हतं मला." मग सगळी भांडी परड्यात काढलीस आणि चिंच, राख घेऊन घासायला बसलीस. ऊन डोक्यावर आलं तरी उठली नाहीस. मी तिथं आलो तर मान वर न करता विचारलंस, "इतकी सालं ह्येच्यातच खाऊ घातलं व्हय म्या तुमास्नी?"

ती लाज माझी होती, गंगू. तू उचलून आपल्या पदरात घेतलीस. तेव्हा खाली बसून एक भांडं हातात घेतलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "बास कर आता, ताप यील," आणि दुकानात गेलो.

त्या पावसाळ्यात तू या पाटावर बसायला लागलीस. चन्नाप्पाच्या बायकोशी खिडकीतनं बोलायचीस. विरजण इकडनं तिकडं, कोथिंबीर तिकडनं इकडं. तुला एवढं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. दुकानातनं ऐकायचो, आणि भिंतीवर हात आपटायचो नाही. तेवढं एक शिकलो होतो.

दिवाळीच्या तोंडावर खोकल्यानं धरलंच. सोलापूरच्या डाक्टरानं तुझ्या छातीला नळी लावली आणि विचारलं, "घरात चूल कशी आहे? धूर जायला वाट आहे का?" मी तुझ्याआधी बोललो. "हाय की, साहेब. मोठी खिडकी हाय. धुराडं हाय." तू माझ्याकडं बघितलंस. नुसतं बघितलंस, आणि पदर सारखा केलास. खिडकी होतीच, खोटं काय होतं त्यात? कधीपासून आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर तू पाणी मागितलंस. मी आणून दिलं. 

एवढं सगळं मला ठाऊक होतं आणि तरी माना डोलावत होतो. पण काल चन्नाप्पा आला. संध्याकाळी ओट्यावर बसला आणि म्हणाला, "उद्या तुझ्यात सन न्हाय. आंबील आमच्यातनं यील." मग टोपी काढून हातात फिरवत बसला. उठायचं नाव घेईना.

"काय ते बोल की," मी म्हणालो.

"वहिनीनं शपथ घातली हुती. आता ती न्हाय. पोटात ठिवून जेवान जाईना मला."

"कसली शपथ?"

"तू माडी बांधलीस त्या साली वहिनी आमच्यात आल्ती. मागल्या दारानं. म्हनाली, भाऊजी, धुरानं जीव जातोय, खिडकीपुरती भिंत द्या. मी म्हनलं, घ्या की वहिनी, कवाबी घ्या. पर मल्ल्याला यिऊ द्या. मागू नगं, बोलू नगं, येळवशीला माझ्या कोपीवर यिऊन गडूभर आंबील पिऊन जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मीच गवंडी लावतो."

मी विचारलं, "मग मला कुनी सांगितलं का न्हाय?"

"तीच नगं म्हनाली. बायकू भावकीच्या दारात पदर पसरून आली म्हंल्यावर त्येंची मान खाली जाईल, म्हनाली. मी धाडते त्येंला आंबिलीला, तुमी निस्ती हाळी घाला." चन्नाप्पानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "हाळी समद्यांस्नी घालायचो रं, पर वाट तुझी बघायचो. वहिनी तिकडनं बघायची. तू पाठ फिरवून बसायचास. माजंबी चुकलं, मल्ल्या. हट्टाला पेटलो मीबी. तसंच दिलं असतं तर काय बिघाडलं असतं माजं?"

तो डोळे पुशीत गेला. मी ओट्यावरच बसून राहिलो. सूनबाई जेवायला बोलावून गेली, पण मी उठलो नाही.

अगं, एकदा सांगायचं होतंस! एकदा फक्त! माझी मान एवढी मोलाची होती व्हय तुला? त्या मानेसाठी धूर गिळत बसलीस? भांडायचं होतंस, तवा फेकून मारायचा होतास, मावशीकडं सोलापूरला निघून जायचं होतंस. मी आलो असतो शोधत. आलो असतो, खरंच. बघ, अजून तुझ्यावरच ओरडतोय. सवय जात नाही. दर साली तू येऊन सांगत होतीस की, जाऊन या, गडूभर आंबील तर प्यायचीय. याहून जास्त काय सांगायचं असतं बाईनं? आणि शेवटी मी भिंत मागायला गेलो तो सुनेसाठी, आणि ती मिळाली एका शब्दात. "म्हंजी हुत हुतं की" म्हणालीस तेव्हा तू टोमणा मारत नव्हतीस. मी गेलो की भिंत मिळते हे तुला आधीपासून ठाऊक होतं, आणि तुझ्याच्यानं राहवलं नाही.

थांब. खिडकीत कुणीतरी हाक मारतंय.

परत लेखणी उचललीय. 

चन्नाप्पाची बायको होती. रानातनं मुद्दाम आली, अंगणातनं सरळ खिडकीशी. गडू हातात, वर भज्जीची वाटी. बरोबर तिच्या माहेरच्या दोन बाया, येळवशीला आलेल्या. मला चुलीपाशी बसलेलं बघून ती दचकलीच. "भाऊजी, तुमी हितं?" मी उठलो आणि गडू माझ्या हातानं घेतला. त्यातली एक बाई आत डोकावून म्हणाली, "बया, काय उजेड हाय! बायकूसाठी लई केलंत बगा तुमी."

मान डोलवायला वर आली होती. तिथंच धरली.

"न्हाय," मी म्हणालो. "तिच्यासाठी न्हाय केली. ती मागत हुती तवा दिली न्हाय. सुनंच्या आईनं नाव ठेवलं म्हनून केली."

 चन्नाप्पाच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. आणि मागं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. सूनबाई दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही काय म्हणंल, हिच्या आईचं नाव काढलं मी.

"मामा," ती म्हणाली, "मला ठाव हाय. आत्यांनी सांगितलं हुतं."

"काय सांगितलं हुतं?"

"सकाळी हितं बसल्या की म्हनायच्या, तू आलीस म्हनून मला उजेड मिळाला गं पोरी, तुझं उपकार हायत." ती चुलीकडं बघत म्हणाली, "मी म्हनायची, आत्या, माझं कसलं उपकार? तर हसायच्या."

मला तिच्याकडं बघवलं नाही. बाया खिडकीत, सून दारात, आणि मी मधे गडू घेऊन. तोंड लपवायला या खोलीत आता अंधार कुठं उरलाय? केला मीच उजेड. मी गडू तोंडाला लावला. बाया बघत होत्या, बघू दे म्हटलं. उभ्यानंच प्यालो, मधे थांबलो नाही. आंबट होती, ताक ताजं होतं, जिरं लागत होतं. रिकामा गडू खिडकीत ठेवला. चन्नाप्पाच्या बायकोनं तो उचलला, आणि बाया आल्या तशा रानाकडं परत गेल्या.

प्यालो बघ, गंगू. खरंच, गडूभरच होती.